इन्स्पेक्टरांची बादली

"दगडाला दगड चिकटवायचा, त्याला पंधरा-वीस दिवस? तेवढ्यात माणसं लग्न करून पस्तावूनसुद्धा मोकळी होतात," मोठी जाऊ पुटपुटली. पुटपुटली म्हणजे दारातल्या चपलांना ऐकू जाईल, इतपत.

धाकटी हसली. या वेळी तिने पंधरा दिवस घेतलेच नव्हते.

टेबलावर गुहा तयार होती. काळ्या पाटीच्या दगडांची, तीन तोंडांची. मोठीच्या पार्लरमध्ये काचेची नवी टाकी आली होती. केस वाळेपर्यंत गिऱ्हाइकांनी मासे बघावेत, अशी कल्पना. मासे आज संध्याकाळी यायचे होते.

माशांच्या टाकीत चालतं ते सिलिकॉन अगदी साधं असतं. बाथरूमच्या ट्यूबमध्ये मात्र बुरशी मारणारं औषध घातलेलं असतं, आणि ते बुरशी मारून थांबत नाही. दोन्ही ट्यूब दिसायला सख्ख्या बहिणी. धाकटी दुसरीला आपल्या कामाच्या खोलीचा उंबरा ओलांडू देत नसे. या वेळी मात्र तीच तिने मुद्दाम विकत आणली होती. गुहेचा एकेक सांधा तिने त्याच ट्यूबने भरला होता. इतके सुबक सांधे तिच्या हातून वर्षभरात झाले नव्हते.

नऊ वर्षांपूर्वी, नव्या नवरीच्या हौसेने, तिने सासऱ्यांच्या टाकीसाठी दगडांची एक कमान केली होती. नीट चौकशी करून ट्यूब आणली, कमान आठवडाभर वाळवली, फळीवर ठेवली आणि दोन दिवस माहेरी गेली. परत आली तेव्हा कमान टाकीत होती आणि एकोणीस मासे पाण्यावर पालथे.

"असतो एकेकाचा हात," मोठी तेव्हा म्हणाली. एकदा म्हणून गप्प बसली असती, तर धाकटी विसरलीही असती. पण पुढे दूध नासलं, कुंडीतलं रोप वाळलं, पाहुण्यांचं पोर रडलं, तरी त्या हाताचाच विषय निघायचा.

कचऱ्यात टाकलेली कमान धाकटीने उचलून पाहिली होती. धाकटीने लावलेलं सिलिकॉन काचेसारखं पारदर्शक. एका सांध्यावर मात्र पांढरं लागलेलं. पांढरी ट्यूब बाथरूमच्या कपाटात असायची, आणि घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या मोठीच्या कमरेला. धाकटीने हिशोब मनात मांडला आणि तोंड मिटलं. घरात बाकीच्यांनीही मिटलं. सासऱ्यांनी टाकी विकून टाकली.

त्याच रागावर तिने माशांच्या टाक्यांसाठी दगडी गुहा, कमानी करून विकायचा हा धंदा उभा केला. सासरे रोज दुपारी तिच्या खोलीत येऊन स्टुलावर बसत. ती ट्यूब फोडायला लागली की त्यांचा एकच प्रश्न. "वरचं वाचलंस ना गं?" तिला गंमत वाटायची. हे तिला शिकवायला हवं होतं होय!

आजही ते स्टुलावर होते. पायाशी बादली, बादलीत दोन गप्पी मासे. धाकटी त्या माशांना इन्स्पेक्टर म्हणायची. प्रत्येक वस्तू आधी आठवडाभर साध्या पाण्यात भिजायची, मग आठवडाभर इन्स्पेक्टरांच्या बादलीत. त्यांनी पास केली, तरच दाराबाहेर.

"गुंडाळ आता," मोठी म्हणाली. "आणि हे बघ, महागाचे मासे आहेत. तुझा हात... जाऊ दे."

धाकटीने कागद पसरला. "काळजीच करू नका, वहिनी," ती साखरेच्या आवाजात म्हणाली. "या वेळी सगळं तुमच्यासारखंच केलंय."

"बादलीत ठेवली होतीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"वहिनींना घाई होती, बाबा."

"घाई कसली? मासे थांबतील चार दिवस." ते उठले. दोन्ही हातांनी गुहा उचलून बादलीवर वाकले. खाऊ आला असं समजून दोन्ही इन्स्पेक्टर तोंड वर करून पृष्ठभागाशी आले.

"बाबा, नको!"

गुहा पाण्याच्या चार बोटं वर थांबली.

सासऱ्यांनी गुहा सावकाश टेबलावर ठेवली. मग टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यातून पिळून चपटी झालेली ट्यूब काढली. चष्मा खिशात होता. तो त्यांनी काढला नाही. ट्यूब नुसती हातात धरून राहिले.

मोठीचा चेहरा उतरला. धाकटी नऊ वर्षं याच चेहऱ्याची वाट पाहत होती.

"ओळखलीत ना, वहिनी? बाथरूमच्या कपाटात असायची, तीच जात. आता बिनरंगाचीही मिळते. खाणाखुणा राहत नाहीत."

मोठीने तोंड उघडलं. सासऱ्यांकडे पाहिलं आणि मिटलं. उत्तर गिळायची तिला अजिबात सवय नव्हती. "बाबा, तुम्ही घरात चला," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "गोळीची वेळ झाली."

"किती वर्षं गोळीची वेळ सांगशील गं?" सासरे स्टुलावर बसले. धाकटीकडे त्यांना बघवेना.

"त्या कमानीचा एक दगड हलत होता, पोरी. म्हटलं, तू यायच्या आत बसवून टाकीत ठेवू, तुला आनंद होईल. कपाटाची किल्ली हिच्याकडून घेतली, तेव्हा हिनं पाहिलं. हिला मीच गप्प केलं." इन्स्पेक्टर अजून तोंड वर करून खाऊची वाट पाहत होते. "ट्यूब मी लावली. वरचं वाचलं नाही."