मागच्या पाट्याची पिन

पेन्शनीत निघालेल्या ज्ञानू हवालदाराच्या जुन्या जीपचा मागचा स्प्रिंगचा पाटा तुटला होता. नवा बसवायचा तर जुनी पिन निघायला हवी, आणि ती गंजून पार जाम झाली होती. ज्ञानू रोज तिच्यावर घण घालायचा आणि राग बायकोवर, मनुबाईवर काढायचा.

“यष्टीनं गेलो तर पोरीचा बाप हसंल मला. ही पिन निघू दे, मेढ्याला जाऊन दुसऱ्या लग्नाची सुपारीच फोडून येतो. मग तू बस म्हायेरी, वांझोटे.”

घण टाकून तो उठला. “पारावर जाऊन येतो. तवर रॉकेल घाल पिनंवर, गंज सुटंल.”

“व्हय,” मनुबाई म्हणाली.

&nbsp;

आणि तिनं रोजच्यासारखंच पिनेवर मिठाचं पाणी ओतलं.