कॅरिअरची गादी

"मास्तर, आता या सायकलला लावायचं काय राहिलंय?" मी वैतागूनच विचारलं.

घोरपडे मास्तरांना ती लग्नात मिळालेली. चाळीस वर्षांत सांगाडा सोडून तिच्यातलं मूळचं काही उरलं नव्हतं. मीच तिला चकचकीत रिमा घातल्या, गिअर चढवले, पुण्याहून मऊ सीट मागवली. भंगारवाल्यानंही नाक मुरडावं अशा सायकलचे हे लाड! दर वेळी काकू दुकानाच्या बाकावर बसून एवढंच म्हणायच्या, "अहो, त्या कॅरिअरला एक गादी बसवून घ्या ना. गज टोचतात." मास्तर हसायचे. "पुढच्या खेपेला नक्की!"

काकूंना जाऊन परवाच महिना झाला.

"कॅरिअरला गादी बसव," मास्तर म्हणाले. "चांगली जाड. आणि पाय ठेवायला पट्टी लाव. डावीकडेच. ती एका अंगाला बसते."

माझा वैताग कुठल्या कुठे गेला. मी जाड फोमची गादी बसवली, डावीकडे पट्टी लावली. मास्तरांनी तिच्यावर तळवा दाबून पाहिला आणि सायकल रस्त्यावर घेतली.

मागे माणूस बसलेलं असलं की मागून टांग टाकता येत नाही, पाय पुढून दांडीवरून न्यावा लागतो. मास्तरांनी एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं दुखरा गुडघा उचलला, पाय पुढूनच पलीकडे नेला आणि मान थोडी वळवून विचारलं,

"बसलीस नीट?"