जाड पत्रा

उस्तादांनी काळ्या गाडीच्या दारावर बुक्की मारली. "ऐकलास आवाज? आता त्या लाल टिनपाटावर मारून बघ."

मुलगी मारणार नव्हतीच. तिचा जीव लालवर जडला होता. दोन्ही गाड्या तिच्या आजोबांच्या वयाच्या. काळी म्हणजे चाकं लावलेलं लोखंडी कपाट. लाल ठेंगणी, बिनटपाची, जेमतेम दोघांपुरती. भंगारातून आणून उस्तादांनीच दोन्ही उभ्या केल्या होत्या. नोकरीवर जायला मुलीला त्यातली एक मिळणार होती.

"बाबा, लाल निदान वळते तरी. काळीला वळवायचं म्हणजे म्हशीची मनधरणी. खड्ड्यात गेली की हाडं खिळखिळी होतात."

"होऊ देत. तिच्या वाटेला कुणी जाणार नाही."

उस्तादांचा जन्म चेपलेले पत्रे ठोकून सरळ करण्यात गेला होता. थोरल्या मुलाची नवी कोरी गाडी मात्र त्यांच्या हातोडीपलीकडची निघाली. कागदासारखी चुरगळली होती, आणि मुलगा आत होता. तेव्हापासून नवा पत्रा दिसला की ते शिव्या घालत. आणखी एक दुःख पेलायचं बळ आपल्यात नाही, हे ते कुणालाही सांगत.

"तुझ्या आईकडे बघ जरा," ते म्हणाले. "मला पुन्हा तसली गाडी बघायला लावू नकोस."

मुलीने लालवरून एकदा हात फिरवला आणि काळीची किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रेन काळीला ओढत गॅरेजात आली. उस्ताद हातोडी टाकून धावले.

"कुठे?"

"पुलाच्या वळणावर. खांबाला," क्रेनवाला म्हणाला.

उस्ताद गाडीपुढे गुडघ्यावर बसले. बंपर जागच्या जागी. दिवे शाबूत. बॉनेटवरून त्यांनी तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. पोचा नावालाही नव्हता, रंगाचा एक टवका तेवढा उडाला होता.

ते हसायला लागले. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता रडू फुटलं.

"अगं, बाहेर ये!" त्यांनी बायकोला हाक मारली. "हिला काही म्हणजे काही झालेलं नाही! मी सांगत नव्हतो? वाचली आपली पोर!"

क्रेनवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उस्ताद, गाडीचं राहू द्या. पत्रा वाकला नाही, सगळा दणका आत बसला. दवाखान्यात ओळख पटवायला घरचं माणूस हवंय."