अंगठ्याची बटणं

"दोन्ही एकाच हाताने चालतात, काकू," म्हणत दुकानदाराने काउंटरवर दोन कीपॅड मांडले. "हा गोळीबाराच्या गेमसाठी, अंगठ्यापाशी जादा बटणं आहेत. आणि हा सैन्य हलवायच्या गेमसाठी."

आईने लेकाकडे आशेने पाहिलं. प्रेस मशीनखाली डावा हात गेल्यापासून, एरवी रोज गेम खेळणाऱ्या निनादने कॉम्प्युटरवरची धूळसुद्धा पुसली नव्हती. आज तिच्या हट्टापायी तो घराबाहेर पडला होता.

त्याने उजवा पंजा पहिल्या कीपॅडवर ठेवला. अंगठ्याच्या बटणांवर करंगळी आली. दुसऱ्यावरही तेच.

"उजव्या हाताचा दाखवा ना," आई म्हणाली.

"तसा मी तरी पाहिला नाही, काकू. उजव्या हातात माऊस धरायचा असतो, म्हणून हे डाव्या हातासाठीच बनवतात."

"चल, आई," निनाद म्हणाला. त्याच्या शर्टाची पिन लावलेली डावी बाही मात्र सवयीने कीपॅडकडे उचलली गेली.