दहा पावलं

वृक्षोद्यानातलं तळं दर उन्हाळ्यात थोडं आत सरकायचं. माळीबुवा सांगायला गेले की अधीक्षक अंगावर यायचे, "अहवालात काय लिहिलंय? बाकापासून पाणी दहा पावलांवर! मग ते दहाच पावलांवर दिसलं पाहिजे. पाणी येत नसेल, तर बाक न्या! नाहीतर उद्यापासून घरी बसा."

मनातल्या मनात शिव्या हासडत माळीबुवा बाक हातगाडीवर चढवायचे आणि दहा पावलं मोजून ठेवायचे. सात वर्षांत ते बाक बांबूच्या बेटापासून निघून लव्हाळं ओलांडून सुकल्या चिखलात उतरलं. मागे काटेरी झुडपं माजली. अहवालात मात्र तळं जिथल्या तिथे होतं, त्यामुळे पाणी आणायची गरज कुणालाच वाटली नाही.

यंदा शेवटचं डबकंही आटलं. आणि नेमक्या तेव्हाच, अहवाल वाचून खूश झालेल्या संचालकबाई तळ्यात नावा सोडायच्या म्हणून जागा बघायला आल्या. उन्हातून चालून दमल्या आणि बाकावर टेकल्या.

"तळं कुठंय हो?"

अधीक्षकांनी झटक्यात बोट दाखवलं. "या माळ्याला विचारा, बाई. तळ्याचं सगळं हाच बघतो. कामचुकार आहे एक नंबरचा!"

माळीबुवांनी हातातलं फावडं शांतपणे खाली ठेवलं.



"बाई, तळ्याच्या मधोमधच बसलाय तुम्ही. घाबरू नका, बुडणार ते आमचे साहेब."