पट्टा कोणाच्या हातात?

शिंप्याचं दुकान कोणीतरी जाळलं. वरची आळी म्हणाली खालच्यांनी, खालची म्हणाली वरच्यांनी. दोन आळ्या, दोन धर्म; दोन्हीकडची माणसं अजून एकत्र टेकायची ती फक्त या दुकानाच्या ओट्यावर. राखेतून कात्री शोधणाऱ्या शिंप्याला एकच ध्यास लागला होता, जाळणाऱ्याचं नाव कळावं.

फौजदारांनी पोलिसी कुत्रा मागवला, तर वरच्या आळीचे कारभारी आडवे आले. "कुत्र्याबद्दल काही म्हणणं नाही साहेब, पण पट्टा धरणारा त्यांच्या धर्माचा आहे!"

हवालदार बदलला, तर खालचे कारभारी उसळले. "हा तर त्यांचाच भाऊबंद!"

"मग काय कुत्र्यालाच विचारू, बाबा रे, तू कुठल्या देवाचा?" फौजदारांनी कपाळाला हात लावला. शेवटी दोन कुत्रे आले, दोन धर्मांच्या दोन हवालदारांसकट. शिंप्याने मनोमन हात जोडले आणि दोन्ही कुत्र्यांना राखेत सापडलेला रॉकेलचा डबा हुंगायला दिला.

वरच्यांच्या हवालदाराचा कुत्रा तडक वरच्या कारभाऱ्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसला, आणि खालच्यांच्या हवालदाराचा खालच्या कारभाऱ्यांच्या. आता पट्टा धरणाऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवायचीही सोय उरली नाही.

संध्याकाळी ठाण्यात एक अर्ज आला. फौजदारांनी तो शिंप्याला वाचून दाखवला. अकरा वर्षांच्या वैरात पहिल्यांदाच दोन्ही कारभाऱ्यांच्या सह्या एका कागदावर होत्या.



"गावात पूर्ण एकोपा आहे, तरी तपास थांबवावा, ही विनंती."