फिरकीचा तांब्या

झुंबर मिस्तरीने तांब्या उलटा धरून गॅरेजच्या दारातच जमिनीवर दोनदा आपटला. आतून मूठभर राख पडली.

"कोण बाई म्हणायची ही," तो म्हणाला. "राखेनं घासला आणि विसळायचंच विसरली."

मंगळू ड्रायव्हर हसला. पितळेचा, घट्ट झाकणाचा तो फिरकीचा तांब्या त्याला सकाळी टॅक्सीच्या सीटखाली सापडला होता. नाशिक रोड स्टेशन ते रामकुंड अशी त्याची रोजची ये-जा. अस्थी सोडून परतणाऱ्या माणसांचं डोकं ठिकाणावर नसतं. गाडीत छत्र्या राहतात, धोतरं राहतात, एकदा तर एकाची कवळी राहिली होती. एवढं माहीत असूनही त्या राखेचं मंगळूला काही वाटलं नाही. गरजवंताला अक्कल नसते.

त्याची गरज मोठी होती. चौसष्ट सालची अँबॅसडर, आणि आता एकोणऐंशी चाललेलं. इंजिनाला धाप लागली होती. श्वास सोडायच्या नळीतून ते तेलाचा फवारा उडवायचं, तापलेल्या लोखंडावर तेल जळायचं आणि धूर थेट गाडीत शिरायचा. आठवड्यापूर्वी एका बाईला आतच ओकारी झाली. तेव्हापासून स्टँडवरची मंडळी त्याला रांगेत उभं राहू देईनात. इंजिन उघडणं दिवाळीच्या आधी जमणार नव्हतं. तोवर त्या नळीच्या तोंडाशी घट्ट झाकणाचं एखादं भांडं बसवायचं, उडालेलं तेल त्यात धरायचं आणि संध्याकाळी परत इंजिनात ओतायचं, असा झुंबरचा तोडगा होता.

"पितळ आहे, कथलाचा डाग छान बसेल," झुंबर म्हणाला. तांब्याच्या खांद्याला त्याने दोन भोकं पाडली, नळीचे तुकडे डाग देऊन बसवले आणि आत भांडी घासायच्या तारेचा बोळा कोंबला. एका नळीने तेल-धूर आत यायचा, दुसरीने नुसती वाफ बाहेर जायची. लोखंडी पट्टीने तांब्या इंजिनाशेजारी आवळला. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव बाहेरच्या बाजूला आलं : कुसाबाई कोंडाजी.

दुपारी गाडी सुरू केली. धूर नाही, वास नाही. झुंबर स्वतःवरच खूश झाला आणि चहा सांगायला वळला, तर दारात एक म्हातारा उभा. टोपीखाली नुकतंच केलेलं मुंडण दिसत होतं.

"स्टँडवरचे म्हनले, तुम्ही हितं हाय," तो मंगळूला म्हणाला. "काल रामकुंडावरून टेसनात सोडलं तुम्ही मला. माझा तांब्या राह्यला गाडीत. मंडळीचं नाव हाय त्याच्यावर."

मंगळूने गाडी बंद केली. लपवायला जागाच नव्हती. बॉनेट उघडं होतं. म्हातारा जवळ आला. त्याने नावाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

"गरम हाय."

झुंबरने पाना उचलला. "बाबा, आत्ता काढून देतो. भोकं बुजवतो. होता तसा करून देतो."

"तांब्याचं काय नाय, मिस्तरी. आत व्हतं ते कुठंय?"

झुंबरने पाना खाली ठेवला.

"भटजी म्हनला, समदं पान्यात सोडा," म्हातारा सांगू लागला. "मला समदं सोडवंना. मूठभर मागं ठिवली. पोराला बी म्हाईत नाय. टेसनात आलो तर पाशिंजर लागल्याली. पळालो. नांदगावाला उतरल्यावर हाताकडं बघितलं. तिला ठिवून घेतली आन् तिलाच इसरलो."

झुंबरने खाली पाहिलं. सकाळी राख झाडली, नेमका त्याच जागी तो उभा होता. सकाळपासून दोघे तिथेच वावरत होते. तिथे तेल सांडलं होतं, जॅक सरकवला होता, पत्र्याची कातरणं पडली होती. जमीन काळी होती. राख शोधायची म्हटली तरी सापडली नसती.

"नाल्यात गेली," तो म्हणाला. "तांब्या धुतला ना, ते पाणी नाल्यात सोडलं."

मंगळूने त्याच्याकडे पाहिलं. तांब्या तर धुतलाच नव्हता.

"नाला कुठं जातो?"

"वालदेवीत. वालदेवी चेहेडीला दारणेत मिळते. दारणा पुढं सायखेड्याकडं गोदावरीत, आपल्या गंगेत."

म्हाताऱ्याने मनाशी ती वाट एकदा चालून पाहिली. "म्हंजी गंगेतच गेली," तो म्हणाला. "जायचीच. अर्धं काम तिला कधी खपलंच नाय." त्याचा चेहरा उजळला वगैरे नाही. शोधायचं काही उरलं नाही, एवढंच त्यावर दिसलं.

"तांब्या काढू ना, बाबा?"

"ऱ्हाऊ द्या. आता त्याच्यात काय ठिवायचं."

मंगळूने पुढचं दार उघडून त्याला बसवलं. गाडी स्टेशनकडे निघाली. मागे धूर नव्हता.

झुंबर अजून तिथेच उभा होता. त्याने एका पायातली चप्पल काढली. पण तो अनवाणी पाय खाली कुठे टेकवावा, हे त्याला कळेना.